रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि हातांवरचे जांभळे डाग

सोनटक्का:
सासूबाई ८१ वर्षांच्या, वजन जेमतेम ५० किलो. हृदयाचे ठोके अनियमित (एट्रियल फिब्रिलेशन) म्हणून अपिक्साबान २.५ ची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हातांवर जांभळे, काळपट डाग उठतात. एक जातोय तोवर दुसरा हजर. कुठे आपटल्याचं त्यांना आठवत नाही. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे.

परवा कपाटाच्या कडीला हात घासला आणि कातडीचा तुकडाच सोलून वर आला. पदर रक्ताने भरला. दवाखान्यात नेऊन ड्रेसिंग करून आणलं, तर त्यांनी वर सरळ चिकटपट्टी मारली. दोन दिवसांनी ती काढताना आणखी कातडी निघाली.

नणंद म्हणते, गोळी एकच वेळ द्या. शेजारचे काका म्हणतात, आधी पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करा. घरात रोज यावरून वाद. कुणाच्या घरी असं आहे का? आणि घरच्या घरी ड्रेसिंग कसं करायचं?

हरणटोळ:
सेम टू सेम आमचे बाबा. स्टेंट घातल्यापासून इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिन) आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू. एक गोष्ट तपासून बघा: डाग हाताच्या वरच्या बाजूलाच आहेत ना? बाबांना आयुष्यभर हाफ शर्ट आणि स्कूटर. शर्टाची बाही जिथे संपते तिथून खाली डाग, तळहाताच्या बाजूला एकही नाही.

सोनटक्का:
हो! अगदी तसंच. त्यांचं माहेर-सासर दोन्ही शेतीचं, जन्म उन्हात गेला.

कडूनिंब:
मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. जरा सविस्तर लिहितो.

सोनटक्काताई, पहिलं म्हणजे नणंदबाईंना थांबवा. अपिक्साबानचा असर साधारण १२ तासांत निम्म्यावर येतो, म्हणून ती दिवसातून दोनदा असते. एकच वेळ दिली की दिवसाचा मोठा भाग संरक्षण नाही, आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये संरक्षण कशापासून, तर पक्षाघातापासून. शिवाय सासूबाईंचा डोस आधीच कमी केलेला आहे. नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम दोनदा. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त, या तिघांपैकी दोन गोष्टी असल्या तर २.५ देतात. त्यांच्यात दोन आहेतच. हातावरचे डाग हे डोस कमी करण्याचं कारण नाही.

काकांची सूचना चांगल्या मनाची, पण आयएनआर जुन्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी, म्हणजे वॉर्फरिन आणि अ‍ॅसिट्रॉमवाल्यांसाठी. अपिक्साबानचा असर त्यात धड दिसत नाही. नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका आणि किंचित वाढलेला आला म्हणून घाबरू नका. त्यापेक्षा सीबीसी करा, त्यात हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही कळतील. क्रिएटिनिन करा, कारण हे औषध काही प्रमाणात मूत्रपिंडातून बाहेर पडतं. लिव्हरच्या तपासण्या करून ठेवा.

आता डागांबद्दल. थॉमस बेटमन नावाच्या इंग्रज डॉक्टरने यांचं वर्णन १८१८ मध्ये करून ठेवलं आहे. ॲस्पिरिन बाजारात आलं १८९९ मध्ये. म्हणजे गोळ्या नव्हत्या तेव्हाही म्हाताऱ्या माणसांच्या हातांवर हे डाग पडतच होते. वयाबरोबर आणि उन्हामुळे कातडीच्या आतल्या थरातलं कोलॅजन कमी होतं, खालची चरबी झडते, आणि बारीक रक्तवाहिन्यांना भोवताली आधारच उरत नाही. दंडाला धरून उठवलं, बीपीचा पट्टा आवळला, बॅगेचा पट्टा अडकवला, एवढ्याने त्या फुटतात. मूळ दुखणं कातडीचं. गोळीमुळे इतकंच होतं की गळायला लागलेलं रक्त लवकर थांबत नाही, म्हणून चवलीएवढा डाग बशीएवढा होतो.

मुक्या मारासारखे हे डाग हिरवे-पिवळे होत जात नाहीत. जांभळेच राहतात, एक ते तीन आठवड्यांत फिकटतात आणि मागे तपकिरी छटा ठेवून जातात. ती रक्तातल्या लोहाची. दुखत नाहीत, खाजत नाहीत.

एक विचारायचं राहिलं: दम्याचा पंप, प्रेडनिसोलोन, किंवा मेडिकलमधून स्वतः आणलेलं खाजेचं मलम यांतलं काही चालू आहे का? आपल्याकडे खाज-गजकर्णाची जी 'सगळ्यावर चालणारी' क्रीमं खपतात त्यांतल्या कित्येकांत तगडं स्टिरॉइड असतं. वर्षानुवर्षं चोळलं की कातडी पार झिजते.

सोनटक्का:
डॉक्टर, आहे! खाजेसाठी एक ट्यूब कायम उशाशी असते. आज रात्रीच बघते त्यात काय आहे ते. खूप धन्यवाद.

तिरकस_माणूस:
हे सगळं ठीक, पण या गोळ्या एकदा मागे लागल्या की मरेपर्यंत सुटत नाहीत, हे कुणी बोलत नाही. माझ्या मामांनी इकोस्प्रिन स्वतःच बंद केली, रोज उपाशीपोटी दोन पाकळ्या लसूण खातात. चार वर्षं झाली, हातावर डाग नाहीत की काही नाही. वय ७६, रोज पर्वती चढतात.

हरणटोळ:
तिरकसराव, मामांना स्टेंट आहे का?

तिरकस_माणूस:
नाही. अटॅक वगैरेही कधी नाही. बीपी होतं म्हणून 'सेफ्टीला' दिली होती.

कडूनिंब:
मग मामांचं आणि हरणटोळ यांच्या बाबांचं प्रकरण एका तागडीत टाकू नका.

ज्यांना कधी अटॅक आला नाही, पक्षाघात नाही, स्टेंट नाही, अशा सत्तरीपुढच्या माणसांना केवळ खबरदारी म्हणून ॲस्पिरिन देण्याची पद्धत मागे पडत चालली आहे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या सुमारे १९,००० ज्येष्ठांवर झालेल्या ॲस्प्री अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. निरोगी म्हाताऱ्यांना फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. तेव्हा मामांची गोळी बंद होणं कदाचित योग्यच होतं, फक्त ते डॉक्टरांना विचारून व्हायला हवं होतं. ज्यांच्या घरी अशी 'सेफ्टीची' गोळी चालू असेल त्यांनी पुढच्या खेपेला डॉक्टरांना सरळ विचारावं, ही अजून हवी का? विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

पण स्टेंट घातलेल्या माणसाने, विशेषतः पहिल्या वर्षात, हातावर डाग दिसले म्हणून दोनपैकी एक गोळी बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि त्या अटॅकला तुमच्याकडे फार वेळ नसतो. दोन गोळ्यांवरून एकावर कधी यायचं हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात. तारीख विचारून फाइलवर लिहून घ्या. कित्येकांची दुसरी गोळी कुणी थांबवायला सांगितलं नाही म्हणून वर्षानुवर्षं चालू राहिलेली मी पाहिली आहे.

आणि लसणाबद्दल: फोडणीत, चटणीत हवा तेवढा खा. पण लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल प्लेटलेटच्या कामात थोडीफार ढवळाढवळ करतात. रक्त पातळ करणारी गोळी आणि वर त्या कॅप्सूल, हे नको.

तिरकस_माणूस:
डॉक्टरने माझ्या बाजूने लिहिलेलं पहिल्यांदाच वाचतोय. स्क्रीनशॉट घेऊन ठेवला आहे.

युकॅलिप्टस:
पर्थमध्ये वृद्धाश्रमात नर्स आहे, मूळची साताऱ्याची. कातडी फाटणं हे आमच्याकडचं रोजचं काम, म्हणून ड्रेसिंगचं मी सांगते.

आधी रक्त थांबवायचं. स्वच्छ सुती रुमालाची घडी जखमेवर ठेवून सलग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायची, हात छातीच्या वर उचललेला. घड्याळ लावा. दर मिनिटाला उचलून 'थांबलं का गं' बघितलं की नुकतीच धरलेली गुठळी रुमालाबरोबर निघून येते आणि पहिल्यापासून सुरुवात.

मग सलाइनने धुवा. मेडिकलमध्ये छोटी बाटली मिळते, नसेल तर प्यायचं स्वच्छ पाणी. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काही ओतू नका.

सोललेली कातडी कापून टाकू नका! ती गोळा होऊन जखमेच्या एका कडेला बसलेली असते, काळपट चिंधी दिसते, आणि बघणाऱ्याला वाटतं हा कचरा काढून टाकावा. तीच सगळ्यात चांगली पट्टी आहे. वाळली असेल तर सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज पाच-दहा मिनिटं वर ठेवा, मऊ पडते. मग ग्लोव्हच्या बोटाने किंवा ओल्या गॉजने हळूहळू सरकवत जागेवर आणा. ओढून ताणायची नाही. कडा जुळतील तेवढ्या जुळवा, न जुळल्या तरी चालतं.

त्यावर न चिकटणारं ड्रेसिंग. भारतात पॅराफिन गॉज कुठेही मिळतं. सिलिकॉनचं मिळालं तर उत्तम, पण महाग पडतं. वर साधं गॉज, वर रोलर बँडेज, सैलसर. चिकटपट्टी लावायचीच असेल तर बँडेजवर, कातडीला तिचा स्पर्श नको.

आता आमच्याकडची एक युक्ती. बँडेजवर पेनने बाण काढतो आम्ही. कातडी जिथे अजून जोडलेली आहे तिकडून मोकळ्या टोकाकडे. पुढच्या वेळी जो कुणी ड्रेसिंग काढेल त्याने बाणाच्या दिशेने काढायचं. उलट्या दिशेने काढलं की बसवलेली कातडी पुन्हा उचकटते. सोनटक्का, तुमच्याकडे नेमकं तेच झालं असणार. रोज उघडूनही बघू नका. ड्रेसिंग भिजलं नसेल, वास नसेल, लाली पसरत नसेल तर चार-पाच दिवस हात लावायचा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते मात्र डॉक्टरांना सांगा.

पावशेर:
हा प्रतिसाद प्रिंट काढून औषधांच्या डब्यात ठेवणार. बाणाची आयडिया भारी!

सोनटक्का:
युकॅलिप्टसताई, लाख धन्यवाद. दवाखान्यात खरंच ती 'चिंधी' कात्रीने कापली होती.
मॉइश्चरायझर म्हणून खोबरेल चालेल का? त्यांना दुसरा कसलाही वास सहन होत नाही.

युकॅलिप्टस:
बिनवासाचं साधं क्रीम जास्त चांगलं, पण काहीच न लावण्यापेक्षा खोबरेल बरं. आंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच, दिवसातून दोनदा. हे सांगोवांगी नाही. इथल्याच, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमांत अभ्यास झाला होता, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दोनदा मॉइश्चरायझर लावलेल्यांत कातडी फाटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. चोळायचं नाही, लवेच्या दिशेने वरून खाली फिरवायचं. आणि तेलाचे हात-पाय घेऊन लगेच मोझॅकच्या फरशीवर चालू देऊ नका, नाहीतर हाताचं राहील बाजूला.

अंबाडी:
यावरून आठवलं. दिवाळीत आजीला अभ्यंगाला बसवून कौतुकाने खरखरीत उटणं चोळलं घरच्यांनी. संध्याकाळी दोन्ही हात जांभळे. वज्रीही काढून घ्या त्यांच्या हातातून. माझी आजी टाच सोडून पोटरीपर्यंत वज्री फिरवायची.

आणि बांगड्या! काचेच्या बांगड्या हातावर फुटल्या की काय होतं ते सांगायला नको. आजी काढायला तयार नव्हती, सवाष्ण बाईने हात मोकळे ठेवायचे नाहीत म्हणून. शेवटी आजोबांनी स्वतः गुळगुळीत सोन्याचे दोन गोठ आणून घातले. त्यांच्या कडाही सराफाकडून घासून घेतल्या.

निशिगंध_को:
कोल्हापूरहून. आमच्या आईचा व्हॉल्व्ह बदललेला आहे (लहानपणी संधिवाताचा ताप, मग झडप खराब), धातूचा व्हॉल्व्ह, म्हणून अ‍ॅसिट्रॉम जन्मभर. नव्या गोळ्या तिला चालत नाहीत असं सांगितलंय.

तिचा अनुभव मुद्दाम लिहितेय. गुडघा धरला म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत अख्खा कुल्ला टणक झाला, दुसऱ्या दिवशी काळानिळा, मांडीपर्यंत उतरला. ॲडमिट करावं लागलं, हिमोग्लोबिन ११ वरून ७ वर. त्यांनी विचारलं नव्हतं आणि आईला सांगायचं सुचलं नाही. आता तिच्या पर्समध्ये, मोबाइलच्या कव्हरमध्ये आणि देव्हाऱ्याच्या कपाटावर अशा तीन ठिकाणी चिठ्ठी: 'अ‍ॅसिट्रॉम चालू आहे. स्नायूत इंजेक्शन देऊ नये.'

कडूनिंब:
निशिगंधताई, चिठ्ठीची पद्धत सगळ्यांनी उचलावी. धातूच्या व्हॉल्व्हला अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगाट्रान चालत नाहीत हे बरोबर. तिथे वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमच.

अ‍ॅसिट्रॉमवाल्यांच्या अंगावर अचानक जास्त डाग दिसायला लागले तर गेल्या दोन आठवड्यांत नवं काय सुरू झालं ते आधी बघा. पोट बिघडलं म्हणून मेट्रोनिडाझोल, लघवीच्या जंतुसंसर्गाला कोट्रायमॉक्साझोल, बुरशीला फ्लुकोनाझोल: तिन्ही आयएनआर झपाट्याने वाढवतात. तोंड आलं म्हणून लावलेल्या मायकोनाझोलच्या जेलनेसुद्धा वाढतो, आणि जेल म्हणजे औषध असं कुणाच्या लक्षातच येत नाही. दुखण्यावर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको. पॅरासिटामॉल बरं, पण तेही रोज पूर्ण डोसमध्ये आठवडाभर घेतलं तर आयएनआर तपासा.

पालेभाजी बंद करायची नाही. मेथी-पालक आठवड्यात दोनदा खात असाल तर दोनदाच खात राहा. एकदम सोडली की आयएनआर चढतो, एकदम ढीगभर खाल्ली की उतरतो.

तिरकस_माणूस:
वॉर्फरिन म्हणजे उंदीर मारायचं औषध, हे खरं ना? की तीही व्हॉट्सॲप विद्यापीठाची देणगी?

कडूनिंब:
खरं आहे. अमेरिकेत सडकं क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्या गवतातलं द्रव्य वेगळं केलं, त्यावरून पुढे वॉर्फरिन निघालं. १९४८ मध्ये उंदरांसाठी, १९५४ मध्ये माणसांसाठी. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आला तेव्हा त्यांनाही हेच दिलं होतं. विष की औषध हे मात्रेवर ठरतं, म्हणून तर आयएनआर.

पावशेर:
घरगुती उपायांचं काय? आमच्याकडे रक्त आलं की हळद नाहीतर कॉफी पावडर दाबतात. सलूनमध्ये तुरटी फिरवतात ती?

युकॅलिप्टस:
दाढीच्या बारीक कापावर तुरटी ठीक, तिने रक्त आखडतं. पण सोललेल्या कातडीत हळद-कॉफी भरली की ती साफ करताना आमचे आणि पेशंटचे हाल. रंगामुळे खाली लाली पसरतेय का तेही दिसत नाही. आजोबांना ब्लेडऐवजी ट्रिमर घेऊन द्या, प्रश्नच मिटतो.

हरणटोळ:
डॉक्टर, मग घाबरायचं कधी? बाबांच्या डोळ्यात मध्यंतरी लालभडक रक्त साकळलं होतं, आमची पाचावर धारण बसली, आणि डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले काही करू नका, आपोआप जाईल.

कडूनिंब:
बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागात साकळलेलं रक्त दिसायला भयंकर, पण दुखत नसेल आणि नजर ठीक असेल तर दोनेक आठवड्यांत जातं. डोळ्याला मार बसला असेल तर मात्र दाखवाच.

घाबरायचं ते डोक्याला. रक्त पातळ करणारी गोळी घेणारा म्हातारा माणूस पडला आणि डोकं आपटलं, तर वर जखम असो नसो, टेंगूळ असो नसो, बोलत-चालत असला तरी इमर्जन्सीत न्या. बहुधा सीटी स्कॅन करतील. 'झोपू दे, सकाळी बघू' करू नका.

दाब देऊन पंधरा-वीस मिनिटांत रक्त थांबत नसेल तर निघा. पोट, पाठ, मांडी अशा झाकलेल्या जागी विनाकारण मोठे डाग, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, जे दाबले तरी पुसट होत नाहीत, हिरड्यांतून रक्त, डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी. यांतलं काही असेल तर प्रश्न कातडीपुरता नाही. पावसाळ्यात ताप आणि असे ठिपके एकत्र दिसले तर डेंग्यूच्या शक्यतेने त्याच दिवशी प्लेटलेट बघा आणि ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलचं काय करायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

अंबाडी:
यात पायाच्या फुगलेल्या शिरांची भर घाला. चुलत आजोबांची घोट्याजवळची व्हेरिकोज शीर आंघोळ करताना फुटली. गरम पाणी, त्यामुळे दुखलं नाही, आणि लक्षात येईपर्यंत मोरीत रक्ताचा पाट. ते उभ्यानेच टॉवेल शोधत बसले.

कडूनिंब:
उभं राहणं हीच तिथली चूक. पेशंटला तिथल्या तिथे आडवा करायचा, पाय छातीपेक्षा उंच धरायचा, आणि फुटलेल्या जागी बोटाने घट्ट दाबायचं. पाय वर गेला की शिरेतला दाब उतरतो आणि रक्त बऱ्याचदा लगेच मंदावतं. मांडीला दोरी आवळून बांधू नका. थांबलं तरी दवाखान्यात दाखवायचं, कारण तीच शीर पुन्हा फुटते.

सोनटक्का:
ट्यूब बघितली. क्लोबेटासोल, म्हणजे तेच तगडं स्टिरॉइड. मुलाने मेडिकलमधून आणली होती, चिठ्ठीशिवाय. परवा त्वचारोगतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतली आहे.

एक शेवटचं विचारते. सीबीसी, क्रिएटिनिनसाठी घरी लॅबचा मुलगा येणार आहे. मागच्या वेळी रक्त घेतलं तिथे कोपराच्या खळीत केवढा तरी निळा गोळा आला होता. त्याला काय सांगू?

युकॅलिप्टस:
गोळ्या चालू आहेत हे तो दंडाला पट्टा बांधायच्या आधी सांगा, नंतर नाही. पट्टा उघड्या कातडीवर नको, ब्लाउजच्या बाहीवर किंवा खाली पातळ रुमाल घालून. सुई निघाली की हात कोपरात दुमडून बसायची सवय असते सगळ्यांना, ती मोडा. हात सरळ, कापसावर स्वतःच्या बोटाने दाब, किमान पाच मिनिटं, तोवर त्याला चहा पाजा. आणि ती गोल चिकटपट्टी लावू देऊ नका.